‘परत येईन’ म्हणणारा बाप : ‘डीप स्पेस नाइन’ची अखेर

मालिका सुरू करणे कुणालाही जमते. ती संपवणे फार थोड्यांना जमते. आपल्या घराघरांतून संध्याकाळी सातनंतर ज्या मालिका चालतात त्यांचा अनुभव आम्ही वाचक-भगिनींना सांगायला नको. सासू-सुनेचे एक भांडण तीन-तीन वर्षे रबरासारखे ताणले जाते. मेलेला माणूस वर्षभराने चेहरा बदलून दारात उभा राहतो. मग एके दिवशी चॅनेलवाल्यांचे गणित बिघडते, आठवडाभरात सगळे खलनायक सज्जन होतात, सगळे कुटुंब एका ओळीत उभे राहून हसते आणि खेळ खलास. भाकऱ्या थापता थापता, मुलांना भरवता भरवता ज्यांनी इतकी वर्षे ती मालिका पाहिली, त्यांच्या हाती काय लागते?

म्हणून आज आम्ही अशा एका मालिकेबद्दल लिहीत आहोत, जी संपून पाव शतक उलटले तरी तिच्या शेवटाची आठवण प्रेक्षक आजही समाधानाने काढतात. मालिका अमेरिकेची आहे, विज्ञानकथेची आहे. नाव ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’. जानेवारी १९९३ मध्ये ती सुरू झाली आणि जून १९९९ मध्ये तिचा शेवटचा, दुप्पट लांबीचा भाग दाखवला गेला. सात पर्वे, सुमारे पावणेदोनशे भाग. अंतराळयाने आणि लांब कानांची माणसे यांच्याशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. त्यांनी थोडा धीर धरावा. या मालिकेत वेठबिगारी आहे, बारमधल्या नोकरांचा संप आहे, जातिव्यवस्था आहे आणि एक काळा बाप आहे.

मूळ ‘स्टार ट्रेक’ १९६६ साली जीन रॉडनबेरी यांनी सुरू केली. आपल्याकडे १९८० च्या दशकात ती दूरदर्शनवर लागत असे. त्या काळी ज्यांच्या घरी टीव्ही होता, किंवा ज्यांना शेजारी दारात उभे राहू देत, त्यांना ती आठवत असेल. त्या यानाच्या मुख्य कक्षात निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अधिकाऱ्याच्या वेशात बसलेली दिसे. ती भूमिका सोडण्याचे त्यांच्या मनात आले तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी ‘सोडू नका, तुम्ही तिथे दिसणे फार मोलाचे आहे’ असे सांगून त्यांना थांबवले, ही हकीकत निकोल्स बाई पुढे आयुष्यभर सांगत. (याच मालिकेवरून १९७९ साली निघालेल्या पहिल्या चित्रपटात डोके तुळतुळीत केलेली एक परग्रहाची तरुणी आहे, ती आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा.) पण त्या मूळ मालिकेला शेवट असा मिळालाच नाही. प्रेक्षक कमी म्हणून १९६९ मध्ये ती दिवा फुंकावा तशी बंद झाली. बरोबर तीस वर्षांनी ‘डीप स्पेस नाइन’ने दाखवले, की ‘स्टार ट्रेक’ला निरोपही नीट घेता येतो.

या मालिकेचे निर्माते रिक बर्मन आणि मायकेल पिलर. पुढे कथेची सूत्रे आयरा स्टीव्हन बेहर यांच्याकडे आली आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. इतर ‘स्टार ट्रेक’मध्ये यान दर आठवड्याला नव्या ग्रहावर जाते, तिथला प्रश्न तासाभरात सोडवते आणि निघून जाते. इथे यान नाही, एक स्थानक आहे. ते हलत नाही. आज केलेल्या चुकीचा जाब उद्या तिथेच द्यावा लागतो. आपल्या चाळीत आणि वस्तीत असते तसेच.

स्थानकाची कूळकथा अशी. बजोर नावाच्या ग्रहावर कार्डेशियन लोकांनी सुमारे पन्नास वर्षे कब्जा ठेवलेला. हे स्थानक त्यांनीच बांधलेले. तिथे बजोरी माणसांना जुंपून खनिज गाळून घेत. कार्डेशियन गेले, जाताना सगळे मोडून-तोडून गेले, आणि फेडरेशन म्हणजे ग्रहांच्या संघराज्याने बेंजामिन सिस्को या अधिकाऱ्याला ते स्थानक उभे करायला पाठवले. एप्रिल १९९२ मध्ये लॉस एंजेलिसला दंगली उसळल्या. काळ्या रॉडनी किंगला मारणाऱ्या पोलिसांना न्यायालयाने सोडले, म्हणून शहर पेटले होते. त्यानंतर राखेतून उभे राहू पाहणाऱ्या वस्त्या पिलर यांच्या डोळ्यांसमोर होत्या, आणि पहिल्या भागातला तो मोडलेला बाजार तिथून आला.

सिस्कोची भूमिका एव्हरी ब्रूक्स यांची. हे गृहस्थ नुसते नट नव्हेत, रटगर्स विद्यापीठात नाट्यकलेचे प्राध्यापक. ‘स्टार ट्रेक’च्या मालिकांत प्रमुख म्हणून उभा राहिलेला हा पहिला काळा माणूस. पण मालिकेनेही त्याला लगेच कप्तान केले नाही! इतर मालिकांचे गोरे नायक पहिल्या दिवसापासून कप्तान. सिस्को मात्र पहिली तीन पर्वे कमांडर, बढती १९९५ साली. बढतीची वाट पाहणे काय असते हे आमच्या वाचकांतल्या नोकरदारांना वेगळे सांगायला नको.

सिस्कोची बायको युद्धात गेलेली. जेक नावाचा मुलगा घेऊन तो स्थानकावर येतो. तो मुलगा झालेला सिरॉक लॉफ्टन तेव्हा चौदा वर्षांचा. टीव्हीवरचा काळा बाप म्हणजे एक तर घर सोडून पळालेला, नाही तर तुरुंगात असलेला, असा अमेरिकेत पायंडा होता. हा बाप स्वयंपाक करतो, मुलाला जवळ घेतो, चुकला तर रागावतो, आणि मुलगा सैन्यात न जाता लेखक व्हायचे म्हणतो तेव्हा ते मान्य करतो. सात वर्षे प्रेक्षकांनी एका मुलाला बापाच्या हाताखाली वाढताना पाहिले. शेवटाचा सगळा भार या नात्यावर होता.

आता जातीविषयी. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘अ‍ॅक्सेशन’ नावाचा एक भाग दाखवला गेला. बजोरवर पूर्वी ‘डिजारा’ नावाची पद्धत होती: जन्माने ठरलेला धंदा, जन्माने ठरलेला मान. परकी सत्ता आली तेव्हा सर्वांनाच लढावे लागले आणि डिजारा आपोआप गळून पडल्या. दोनशे वर्षांपूर्वी हरवलेला एक कवी अचानक परत येतो, लोक त्याला देवदूत मानतात, आणि तो सांगतो, ‘पुन्हा डिजारा पाळा.’ किरा ही बजोरी योद्धा स्त्री. तिचे घराणे कलावंतांचे, म्हणून ती आपली नेमणूक सोडून मातीचा पक्षी घडवायला बसते. पक्षी काही जमत नाही! तिकडे एक धर्मगुरू दुसऱ्या धर्मगुरूला, केवळ तो खालच्या डिजाराचा म्हणून, वरच्या मजल्यावरून ढकलून ठार करतो. सिस्को बजावतो की जातीवरून भेदभाव करणाऱ्या ग्रहाला आमच्या संघराज्यात प्रवेश नाही, तशी सनदच आहे. हॉलिवुडात बसून लिहिणाऱ्यांना जातीबद्दल किती ठाऊक होते, हा प्रश्न वेगळा. पण ‘तुमचा धंदा तुमच्या आज्याने ठरवला’ या वाक्यातला अपमान त्यांना कळला होता, एवढे आम्ही म्हणू.

त्याच महिन्यात ‘बार असोसिएशन’ हा भाग आला, आणि शेवटाचे एक बीज इथे पेरले गेले. स्थानकावर क्वार्क नावाच्या फेरेंगी जमातीच्या माणसाचा बार आहे. फेरेंगी म्हणजे नफा हाच धर्म मानणारे. क्वार्कचा भाऊ रॉम त्याच्याकडेच राबतो. रॉमचा कान पिकतो, पण आजारपणाची रजा नाही, कारण मालकाने ती कधी दिलीच नाही. धंदा मंदावला म्हणून वर पगार कापलेला. हा भित्रा, ततपप करणारा रॉम युनियन काढतो आणि चक्क मार्क्सच्या जाहीरनाम्यातला कामगारांना एक होण्याचा पुकारा करतो! मालकाच्या बाजूने गुंड येतात, मारहाण होते, संप टिकतो, मागण्या पदरात पडतात. क्वार्क झालेले नट आर्मिन शिमरमन हे तेव्हा नटांच्या खऱ्या युनियनच्या मंडळावर होते.

आता बेरीज पाहा. तीन वर्षांनी, अखेरच्या भागांत, फेरेंगींचा म्हातारा सर्वाधिकारी निवृत्त होतो. आपलाच नंबर लागला असे समजून क्वार्क हुरळून जातो. मग कळते की तिकडे कर आले, कामगारांना हक्क मिळाले, आणि गादीवर बसणार आहे तो रॉम! कान पिकल्यावर रजा न मिळालेला माणूस साऱ्या जमातीचा प्रमुख. क्वार्क कपाळाला हात लावतो आणि जाहीर करतो की जुन्या फेरेंगी रिवाजाचा शेवटचा किल्ला म्हणजे माझा बार. मालिकेने त्याला सुधारले नाही, हे आम्हांला फार आवडले. सगळी माणसे सुधारतात ती फक्त खोट्या शेवटांत.

मुख्य शेवट मात्र युद्धाचा आहे. डोमिनियन नावाच्या साम्राज्याशी दोन वर्षे युद्ध चालते, आणि कार्डेशियन लोक त्या साम्राज्याचे मित्र होतात. मित्र म्हणता म्हणता ते त्याचे गुलाम कधी झाले हे त्यांना कळत नाही. त्यांचा प्रमुख डमार दारूत बुडतो, पण एके दिवशी शुद्धीवर येऊन बंड करतो. आता बंड कसे करायचे हे या राज्यकर्त्या जमातीला काय ठाऊक? म्हणून शिकवायला कुणाला पाठवतात? किराला! जिने याच कार्डेशियनांविरुद्ध पोरवयापासून डोंगरांत राहून लढा दिला, तिला. तिच्या मायेतल्या झियाल या मुलीला गोळी घालणारा हाच डमार. तरी ती जाते.

मग बातमी येते की डोमिनियनने डमारच्या बायकोला आणि मुलाला मारले. तो सुन्न होऊन विचारतो, निरपराध बायका-मुलांना मारण्याचे हुकूम देणारी ही कसली माणसे? किरा त्याचाच प्रश्न उलटून त्याला विचारते. खोलीत शांतता पसरते. बजोरवर पन्नास वर्षे असेच हुकूम सुटले होते, आणि ते देणारे कोण होते हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. किराला बोलून गेल्यावर वाईट वाटते, पण तिच्याबरोबरचा गॅरॅक म्हणतो की त्याने हे ऐकायलाच हवे होते. सात वर्षांच्या मालिकेत याहून जड मिनिट आम्हांला दुसरे सापडले नाही. पहिल्या भागापासूनचा हिशोब इथे एका प्रश्नात मांडला गेला.

शेवटच्या भागात कार्डेशियाची साधी जनता उठते, वीज तोडते, दळणवळण बंद पाडते. सूड म्हणून डोमिनियन एक शहर बेचिराख करते. वीस लाख माणसे जातात. ते पाहून कार्डेशियन जहाजे भर लढाईत बाजू बदलतात. मग हुकूम सुटतो, संपूर्ण कार्डेशियन जमात मारून टाका. युद्ध थांबेपर्यंत ऐंशी कोटींहून अधिक मेलेले असतात. डमार विजय पाहायला उरत नाही. आणि सज्जनांचा पक्षही धुतल्या तांदळासारखा नाही. डोमिनियनच्या राज्यकर्त्यांत एक जीवघेणा रोग पसरला आहे, तो फेडरेशनच्याच गुप्त खात्याने पेरलेला. औषध सापडल्यावरही ते शत्रूला द्यायला सरकार नकार देते. ओडो हा स्थानकाचा पोलिस त्याच राज्यकर्त्या जमातीत जन्मलेला. तो शत्रूच्या प्रमुख बाईला स्वतःच्या स्पर्शाने बरी करतो. ती लढाई थांबवते आणि खटल्याला उभी राहायला कबूल होते. बंदुकीने जे झाले नसते ते औषधाने झाले.

जिंकल्यावर एक मित्र-सेनापती प्रेतांच्या राशीत उभा राहून विजयाचे मद्य ओततो. सिस्को आणि त्याचा वरिष्ठ आजूबाजूला पाहतात आणि पेला ओठाला लावत नाहीत. गॅरॅकला सात वर्षे मायदेशी परत जायचे होते. तो परत पोचतो तेव्हा देश उरलेला नसतो. असा विजय टीव्हीवर क्वचित दिसतो.

बाकीच्यांची वाटणी भरभर होते. ओब्रायन बायको-मुलांना घेऊन पृथ्वीवर शिकवायला जातो, वॉर्फ राजदूत होतो, रॉमचा मुलगा नॉग लेफ्टनंट होतो, आणि ओडो आपल्या आजारी जमातीला बरे करायला किराचा निरोप घेतो. स्थानकाचा कारभार येतो किराकडे. जिथे तिची माणसे वेठीला जुंपली गेली, तिथली ती मालकीण.

राहता राहिला सिस्को. त्याआधी १९९८ च्या फेब्रुवारीतल्या ‘फार बियाँड द स्टार्स’ या भागाचा उल्लेख केला पाहिजे. तो ब्रूक्स यांनीच दिग्दर्शित केला. त्यात सिस्कोला स्वप्न पडते की तो १९५३ सालच्या न्यूयॉर्कमधला बेनी रसेल नावाचा काळा लेखक आहे. विज्ञानकथेच्या मासिकात तो लिहितो, पण मासिकात लेखकांचे फोटो छापायचे ठरते तेव्हा ‘तू त्या दिवशी येऊ नकोस’ असे त्याला सांगतात. तो अंतराळस्थानकाच्या काळ्या कप्तानाची गोष्ट लिहितो. मालक अख्खा अंक रद्दीत घालतो आणि बेनीला काढून टाकतो. बेनी कोसळतो, रडतो, पण एक गोष्ट सोडत नाही: हा कप्तान माझ्या डोक्यात आहे, त्याला तुम्ही मारू शकत नाही. ज्यांची लिखाणे वर्षानुवर्षे ‘साभार परत’ आली, त्यांनी हा भाग एकट्याने पाहू नये.

शेवटच्या भागापर्यंत सिस्कोने पुन्हा लग्न केले आहे. बायको कॅसिडी मालवाहू जहाजाची कप्तान. ती गरोदर आहे. सिस्कोने बजोरवर जमीन घेतली आहे, घराचा आराखडा काढला आहे. पण जुना वैरी डुकाट याला रोखताना तो आगीच्या दरीत कोसळतो. बजोरी ज्यांना देव मानतात त्या, काळाच्या बाहेर राहणाऱ्या जीवांकडे तो जातो, आणि कॅसिडीला एकदाच दर्शन देऊन निरोप घेतो.

लेखक होते बेहर आणि हान्स बाइमलर. त्यांनी आधी लिहिले आणि चित्रित केले ते असे, की सिस्को आता कायमचा गेला. देवपण मिळाले, संसार सुटला. लेखकांच्या मनात काही वाईट नव्हते. बलिदान म्हणजे मोठेपणा, एवढाच हिशोब. पण चित्रीकरणानंतर काही दिवसांनी ब्रूक्स यांनी बेहर यांना फोन केला. त्यांचे म्हणणे साधे होते: एक काळा माणूस गरोदर बायकोला सोडून निघून जातो, हे चित्र माझ्या हातून जायला नको. सात वर्षे आपण मुलाचा हात न सोडणारा काळा बाप दाखवला. शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा तेच जुने चित्र कसे दाखवायचे? ज्या घरांतला बाप खरोखरच निघून गेला, त्या घरांतली मुले हे पाहत असणार.

बेहर यांना ते पटले. प्रसंग बदलून पुन्हा चित्रित झाला. आता सिस्को कॅसिडीला सांगतो की मी परत येईन. कदाचित वर्षाने, कदाचित कालच. काळच नसलेल्या ठिकाणी हे शक्य आहे. बदल दोन वाक्यांचा, पण दोन वाक्यांत एक बाप पळपुटा ठरायचा वाचला. प्राध्यापक माणूस, करार संपत आलेला, मालिका हातावेगळी झालेली. गप्प बसला असता तर कुणी विचारले नसते. तो बोलला, आणि ऐकणाऱ्याने ऐकले.

उणिवा आहेतच. सिस्को बायकोला दर्शन देतो, जेकला नाही. सात वर्षांच्या बापलेकांना शेवटचा एक शब्दही नको? आम्हांला हे खटकले, आजही खटकते. दुसरे, जुन्या आठवणींची जी चित्रे शेवटी सरकतात त्यांत सहा वर्षे मालिकेत असलेली जाडझिया कुठेच दिसत नाही. तिची अभिनेत्री टेरी फॅरेल १९९८ मध्ये मालिका सोडून गेली होती. घरातल्या फोटोतून एखादी बहीण कापावी तसे ते वाटते. आणि डुकाटसारख्या गुंतागुंतीच्या माणसाला शेवटी लाल डोळ्यांचा राक्षस करून टाकला, हेही फार सोपे झाले.

शेवटचे दृश्य मात्र निर्दोष आहे. जेक एकटा मोठ्या खिडकीशी उभा आहे. बाहेर काळोख. किरा येते, काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवते. कॅमेरा खिडकीबाहेर जातो आणि मागे मागे सरकत राहतो, स्थानक लहान होत जाते, आणि शेवटी इतर चांदण्यांतला एक ठिपका उरतो.

मालिका चालू असताना तिला थोरल्या भावंडांइतके नाव मिळाले नाही. पुढे नव्या पिढीने ती घरबसल्या सलग पाहिली तेव्हा कदर झाली. २०१७ साली प्रेक्षकांनीच वर्गणी काढली, आणि त्या पैशांतून बेहर यांनी जुन्या मंडळींना घेऊन एक माहितीपट केला.

ज्यांच्या मुलांना इंग्रजी समजते त्यांनी ती जरूर पाहावी. पहिले पर्व संथ आहे, तिथे कंटाळून सोडू नये. तिसऱ्या पर्वापासून ती पकड घेते. युद्धाचे काही भाग लहान मुलांना झेपणार नाहीत, ते मोठ्यांनी आधी पाहून ठरवावे. संपाचा भाग सर्वांनी मिळून पाहायला हरकत नाही, हसायलाही येईल. शेवटचे दहा तास सलग एकच गोष्ट आहेत. त्यांच्यासाठी दोन रविवार मोकळे ठेवावेत.